पोटाच्या ऑपरेशननंतरची पहिली रात्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोटाचे ऑपरेशन झालेल्या रुग्णाचा केसपेपर पाहिला, तर दुखण्याच्या औषधापुढे बहुतेक वेळा 'एसओएस' असे लिहिलेले सापडते. म्हणजे दुखले तर द्या. दिवसा हे खपून जाते, कारण भूल पुरती उतरलेली नसते. रात्री अकराच्या सुमाराला कळ सुरू होते. सोबतचा माणूस सिस्टरना शोधत फिरतो, सिस्टर दुसऱ्या पेशंटपाशी असतात, इंजेक्शन येईपर्यंत वेळ जातो आणि त्याचा गुण यायला आणखी अर्धा तास लागतो. तोवर पेशंट घट्ट मूठ आवळून, श्वास चोरून पडलेला असतो. मोठ्या रुग्णालयांबरोबर छोट्या नर्सिंग होममध्येही आता ऑपरेशननंतर नर्व्ह ब्लॉक, म्हणजे वेदना नेणाऱ्या नसा बधिर करणारी इंजेक्शने, दिले जाऊ लागले आहेत, ही फार चांगली गोष्ट आहे. पण ब्लॉक दिला म्हणजे काम संपले, असे समजून रात्रीची तजवीज केली जात नाही आणि चांगला ब्लॉकही वाया जातो. हे पत्र त्यासाठी आहे.

आधी दुखते कुठे, ते पाहू. ऑपरेशननंतरच्या पोटदुखीचे दोन भाग असतात. एक पोटाच्या भिंतीचा : कातडी, स्नायू, त्यावरच्या चिवट आवरणाची टाके घातलेली पांढरी पट्टी. ही वेदना धारदार असते. खोकले, हसले, कुशीवर वळले की चिरत जाते. दुसरा भाग आतल्या अवयवांचा : गर्भाशय, आतडे, पित्ताशयाची जागा. ही वेदना खोल, पिळवटणारी असते आणि बोट ठेवून दाखवता येत नाही. पोटाच्या भिंतीच्या नसा पाठीच्या कण्यातून, साधारण सातव्या छातीच्या मणक्यापासून पहिल्या कमरेच्या मणक्यापर्यंतच्या पातळीवर बाहेर पडतात आणि बरगड्यांखालून वळसा घालून पुढे बेंबीकडे येतात. कुशीत स्नायूंचे तीन थर एकावर एक असतात. त्यांतल्या मधल्या आणि सर्वांत आतल्या थराच्या फटीतून या नसा धावतात. या फटीत बधिर करणारे औषध पसरवले की भिंतीची वेदना थांबते. यालाच टॅप ब्लॉक म्हणतात. २००१ मध्ये रफी या भूलतज्ज्ञांनी तो कमरेच्या हाडाच्या वरच्या खाचेतून, नुसत्या हाताच्या अंदाजाने कसा द्यायचा ते मांडले. पुढे सोनोग्राफी आली आणि अंदाज जाऊन डोळ्यांना दिसू लागले.

आतल्या अवयवांची वेदना मात्र या ब्लॉकने जात नाही, आणि हे पेशंटला आधी सांगायला हवे. बाळंतपणानंतर गर्भाशय आकसताना येणाऱ्या कळा, बाळाला पाजताना वाढणारी ओटीपोटातली ओढ, दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांद्यात येणारी सणक, ही सगळी ब्लॉकच्या हद्दीबाहेरची दुखणी. 'सुई मारूनही दुखतंयच की' ही तक्रार पुष्कळदा इथून येते. ब्लॉक फसलेला नसतो, त्याच्याकडून अपेक्षा भलतीच ठेवलेली असते.

कुठल्या चिरेला कुठला ब्लॉक, हेही ठरलेले आहे. सिझेरियन किंवा पिशवीच्या ऑपरेशनचा बिकिनी छेद, अपेंडिक्स, यांना कुशीतला नेहमीचा टॅप ब्लॉक चालतो. बेंबीच्या वर, बरगडीखाली चीर असेल तर तोच ब्लॉक बरगडीच्या कडेने द्यावा लागतो, नाहीतर औषध वरच्या नसांपर्यंत पोचतच नाही. पोट मधोमध उभे उघडले असेल तर रेक्टस शीथ ब्लॉक, म्हणजे पोटाच्या सरळ स्नायूच्या मागच्या बाजूला औषध. हर्नियाला जांघेजवळच्या दोन नसांचा ब्लॉक पुरतो. पाठीकडच्या बाजूने दिला जाणारा क्वाड्रेटस लंबोरम ब्लॉक आतल्या वेदनेवरही काही प्रमाणात काम करतो असे मानतात, पण तो खोल आहे. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर तिथे एपिड्युरलइतकीच (पाठीच्या मणक्यात बारीक नळी घालून देतात त्या भुलेइतकीच) खबरदारी घ्यावी. आतडे, जठर अशा मोठ्या, पोट पूर्ण उघडून केलेल्या ऑपरेशनांत एपिड्युरलची नळी अजूनही पहिल्या पंक्तीत आहे. फक्त तिला रात्रभर रक्तदाबावर नजर ठेवणारा माणूस लागतो. असा माणूस नसलेल्या ठिकाणी चांगला दिलेला ब्लॉक हाच शहाणपणाचा मार्ग.

आता तो देताना काय पाहायचे. ऑपरेशन संपून ड्रेसिंग झाल्यावर, पेशंट भुलेतच असताना किंवा सिझेरियनमध्ये कमरेखालचा भाग बधिर असतानाच, हे काम उरकते. दोन्ही बाजूंना मिळून दहा ते पंधरा मिनिटे. काखेच्या मध्यापासून खाली आलेली रेष घ्यायची, बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्ये सोनोग्राफीचा सपाट प्रोब (अंगावर टेकवायचा भाग) आडवा धरायचा. पडद्यावर वरून खाली चरबी, मग तीन काळसर पट्टे आणि त्यांच्यामध्ये चकाकत्या पांढऱ्या रेघा दिसतात. तालमीत घाम गाळलेल्या पैलवानाचे पट्टे जाड आणि स्वच्छ दिसतात. वयस्क, अशक्त बाईचा सर्वांत आतला थर काही मिलिमीटरचाच असतो आणि त्याच्या लगेच खाली आतडी हलताना दिसतात. म्हणून सुईचे टोक पडद्यावर दिसत नसेल तर सुई पुढे सरकवायची नाही, हा नियम. सुई बोथट टोकाची, २२ गेजची, ८० ते १०० मिलिमीटर लांबीची. टोक फटीत पोचले असे वाटले की आधी एक-दोन मिलिलिटर सलाईन सोडायचे. जागा बरोबर असेल तर दोन पांढऱ्या रेघा एकमेकींपासून अलग होऊन मध्ये काळे भिंग उघडते, डोळा उघडावा तसे. स्नायूच फुगून त्याच्या रेषा विसकटलेल्या दिसल्या, तर सुई स्नायूत आहे. ती थोडी मागे-पुढे करून पुन्हा सलाईन सोडून पाहायचे. औषध स्नायूतच गेले तर ब्लॉक अर्धवट लागतो. बहुतेक 'न लागलेल्या' ब्लॉकचे कारण एवढेच असते. भिंग नीट उघडल्यावर खरे औषध, दर तीन ते पाच मिलिलिटरनंतर पिस्टन मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहत, सावकाश सोडायचे. एका बाजूला १५ ते २० मिलिलिटर लागतात. या ब्लॉकला नस नेमकी गाठावी लागत नाही, औषध फटीत पसरावे लागते. म्हणून त्याला ताकदीपेक्षा आकारमान हवे असते.

आणि सगळ्यांत मोठी चूक इथेच होते. बुपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाची जी बाटली सहज हाताशी असते ती ०.५ टक्क्याची असते. टक्क्याच्या आकड्याला दहाने गुणले की एका मिलिलिटरमधले मिलिग्रॅम मिळतात : ०.५ टक्के म्हणजे ५ मिलिग्रॅम, ०.२५ टक्के म्हणजे अडीच. बुपिव्हाकेनची मर्यादा वजनाच्या दर किलोला २ मिलिग्रॅम धरावी, रोपिव्हाकेन या त्याच जातीच्या औषधाची ३. आपल्याकडे ऑपरेशनला येणारी बाई ४२ किलोचीही असते. तिला बुपिव्हाकेन जास्तीत जास्त ८४ मिलिग्रॅम, म्हणजे ०.२५ टक्क्याचे ३३ मिलिलिटर, एका बाजूला साडेसोळा. घाईत तीच ०.५ टक्क्याची बाटली पातळ न करता दोन्ही बाजूंना वीस-वीस दिली, तर अंगात २०० मिलिग्रॅम जातात. मर्यादेच्या दुपटीहून जास्त. म्हणून वजन करायचे, 'दिसायला पन्नास असेल' असे म्हणायचे नाही. सर्जननी टाक्यांच्या कडेला आधीच बधिर करणारे इंजेक्शन दिले असेल तर तेही याच हिशेबात धरायचे. लिग्नोकेन आणि बुपिव्हाकेन वेगवेगळी औषधे असली तरी विषबाधेच्या बाबतीत त्यांची बेरीज होते. सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांनी एकमेकांना 'मी इतके दिले' हे मोठ्याने सांगायला हवे. मणक्यात देण्याची 'हेवी' लिहिलेली चार मिलिलिटरची काचेची कुपी या ब्लॉकसाठी नाही, तिच्यात साखर मिसळलेली असते.

बाळंतिणीच्या बाबतीत जास्त जपावे. गरोदरपणात रक्ताभिसरण वाढलेले असते, औषध लवकर शोषले जाते आणि त्याला रक्तात धरून ठेवणारी प्रथिनेही कमी असतात. सिझेरियननंतरच्या टॅप ब्लॉकने झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तिथे ०.२ टक्के रोपिव्हाकेन, बाजूला वीस मिलिलिटर, एकूण ८० मिलिग्रॅम, हे पुरेसे आणि पुष्कळ सुरक्षित.

औषध रक्तात चढल्याची खूण म्हणजे तोंडात धातूची चव, ओठांभोवती मुंग्या, कानांत घुंई, मग बडबड किंवा एकदम गुंगी, झटके आणि शेवटी हृदयाचा ठोका बिघडणे. पूर्ण भुलेतला पेशंट यातले काहीच सांगू शकत नाही, त्याच्या बाबतीत मॉनिटरच बोलतो. रक्तातली पातळी वीस-तीस मिनिटांनी सर्वांत वर जाते. म्हणून ब्लॉक देऊन लगेच ट्रॉली रूमकडे ढकलणे चुकीचे. निदान अर्धा तास मॉनिटर लावून ओटीशेजारीच, म्हणजे ऑपरेशन थिएटरजवळच, ठेवावे. हे प्रकार विरळ आहेत, पण त्यावरचा उपाय कपाटात नसेल तर विरळपणाचा उपयोग नाही. उपाय म्हणजे २० टक्क्याचे लिपिड इमल्शन, सोयाबीनच्या तेलाचे, दुधासारखे पांढरे सलाईन. पन्नास किलोच्या पेशंटला पहिल्या एक-दोन मिनिटांत ७५ मिलिलिटर, त्यानंतर मिनिटाला साडेबारा. वीस मिनिटे चालवले तरी सव्वातीनशे मिलिलिटर संपते. म्हणजे ओटीत ५०० मिलिलिटर तरी हवेच. 'मेडिकलमधून मागवू' हे इथे चालत नाही. ऑक्सिजन, झटके थांबवणारे औषध आणि छातीवरचे दाब बरोबरीने चालू ठेवायचे, अॅड्रेनालिन नेहमीपेक्षा कमी मात्रेत द्यायचे आणि लवकर हात टेकायचे नाहीत. भुलेचे प्रोपोफॉलही पांढरे दिसते, तेही चरबीतच मिसळलेले असते, पण ते लिपिडच्या जागी वापरायचे नाही. ते हृदय आणखी दाबते. भिंतीवर मात्रेचा तक्ता चिकटवलेला असावा आणि बाटलीची तारीख दर महिन्याला कोणीतरी नाव घालून तपासावी.

सोनोग्राफीचे मशीन ओटीत नसते, ही कोल्हापुरातल्या छोट्या दवाखान्यांची खरी अडचण. त्यामागचे कारण, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी या मशीनवर असलेले निर्बंध, आम्हाला पूर्ण मान्य आहे. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. त्यानंतर तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात मशीनना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' (प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे यंत्र) बसवण्याचा उपक्रम याच जिल्ह्यात सुरू झाला. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा सैल व्हावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण भूलतज्ज्ञ दिवसाला तीन-चार दवाखान्यांत जातात आणि पोर्टेबल मशीन नोंदणीच्या जागेबाहेर नेता येत नाही, ही वस्तुस्थिती आहे. प्रसूतिगृहांत मशीन असते, पण ते तळमजल्यावर आणि ओटी वरच्या मजल्यावर. तिथे स्नायू पाहण्याचा सपाट प्रोब घेऊन, मशीन ओटीतही वापरले जाईल आणि कोण वापरेल, हे नोंदणीतच लेखी घालून घ्यावे. जिल्ह्याच्या आणि महापालिकेच्या समुचित प्राधिकाऱ्यांनी (हा कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्यांनी) यासाठी एक स्पष्ट, लेखी पद्धत सांगितली तर डॉक्टरांच्या मनातली धास्ती जाईल.

तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. पोट उघडेच असताना सर्जनना सगळे थर डोळ्यांसमोर असतात. मधोमधच्या चिरेत टाके घालण्याआधी सरळ स्नायूच्या मागे औषध देणे, दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये कॅमेऱ्यातून पाहत टॅप ब्लॉक देणे आणि अगदीच काही नाही तर कातडीखाली न थांबता स्नायूवरच्या पट्टीपर्यंत थराथराने इंजेक्शन देणे, यातले काहीतरी प्रत्येक ओटीत आज करता येईल. नुसत्या कातडीत दिलेले औषध चीर सुन्न करते, खोकल्याची कळ तशीच राहते.

सिझेरियनला मणक्यातल्या भुलेबरोबर १०० ते १५० मायक्रोग्रॅम मॉर्फिन दिले असेल तर टॅप ब्लॉकने विशेष भर पडत नाही. पण त्यासाठी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मॉर्फिन लागते आणि रात्रभर दर तासाला श्वास मोजणारी सिस्टर लागते. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन परवान्याची वाट सोपी केली गेली, तरी छोटे दवाखाने मॉर्फिन ठेवायला बिचकतात. म्हणून तिथे ब्लॉकची गरज जास्त.

काही सर्जनना भीती वाटते की ब्लॉकने आतला बिघाड झाकला जाईल. या भीतीचा आदर आहे, पण टॅप ब्लॉक आतली वेदना झाकतच नाही. उलट ब्लॉक नीट लागलेला असताना पेशंट पोटात खोल दुखतेय म्हणत असेल, नाडी वाढत असेल, पोट फुगत असेल, लघवी कमी होत असेल, तर आणखी इंजेक्शन न देता सर्जनना ताबडतोब बोलवायचे. आतून रक्तस्राव किंवा आतड्याच्या जोडातून गळती सुरू झाली असण्याची ती खूण आहे.

आता रात्र. दुपारी बाराला दिलेला ब्लॉक बहुतेकदा आठ ते बारा तास टिकतो, काहींना जास्त. म्हणजे तो रात्री आठ ते बाराच्या दरम्यान उतरतो, जेव्हा भूलतज्ज्ञ घरी गेलेले असतात, सर्जन घरी असतात आणि वॉर्डात एकच सिस्टर असते. बधिरपणा ओसरला की दुखणे जिन्याने येत नाही, एकदम येते. त्यासाठी पॅरासिटामॉल दुखत नसतानाही घड्याळ लावून द्यायचे : पन्नास किलोच्या वर असल्यास एक ग्रॅम बाराला, सहाला, पुन्हा मध्यरात्री बाराला आणि सकाळी सहाला. वजन कमी असेल तर दर किलोला १५ मिलिग्रॅम. मूत्रपिंड, जठर, दमा किंवा रक्तस्रावाची अडचण नसेल तर डायक्लोफेनॅक ७५ मिलिग्रॅम दर बारा तासांनी जोडीला. ही दोन औषधे आतल्या अवयवांची वेदनाही धरतात, जी ब्लॉकने सोडलेली असते. एवढे करूनही दुखलेच तर 'एसओएस' म्हणून ट्रॅमाडॉल किंवा जे काही असेल ते. एसओएसची जागा ही, पहिल्या ओळीत नव्हे.

विचारण्याची पद्धतही बदलायला हवी. 'आज्जी, दुखतंय काय?' असे विचारले की 'असू दे बाळ, सोसतंय' एवढेच उत्तर मिळते. आपल्याकडची माणसे सोसण्यात कमीपणा मानत नाहीत, सांगण्यात मानतात. त्यापेक्षा 'आज्जी, जरा खोकून दाखवा बघू' म्हणावे. पोटावर उशी दाबून धरून खणखणीत खोकला आला तर ठीक. घसा खाकरल्यासारखे करून थांबल्या, चेहरा आकसला, तर दुखते आहे. झोपून शांत पडलेला पेशंट आरामात आहे असे समजू नये, तो हलत नसतो म्हणून दुखत नसते. जो खोकत नाही त्याच्या छातीत कफ साठतो, न्यूमोनिया होतो. जो उठत नाही त्याच्या पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. बाळंतिणीला कुशीवर वळता आले नाही तर बाळाला पाजता येत नाही.

पहिल्यांदा उठवताना मात्र दोन माणसे हवीत. टॅप ब्लॉकचे औषध कधीकधी आतल्या पडद्याखालून घसरून मांडीच्या नसेपर्यंत जाते आणि गुडघा लुळा पडतो. बारा-चोवीस तासांत ते आपोआप ठीक होते, पण बाथरूमला एकटे गेलेले पेशंट पडतात. आधी पलंगावर बसवून दोन्ही गुडघे ताठ करून दाखवायला सांगावे, मगच उभे करावे.

रुग्ण आणि नातेवाईकांना सांगायचे ते असे. मणक्यात सुई दिली की जन्मभर पाठ दुखते, या समजुतीने अनेक जण ब्लॉकलाही नाही म्हणतात. टॅप ब्लॉक कुशीतून, पोटाच्या बाजूने देतात, त्याचा मणक्याशी संबंध नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ तपासायला येतात तेव्हाच विचारावे : ऑपरेशननंतर दुखण्यासाठी ब्लॉक देणार का, तो किती तास टिकेल आणि उतरल्यावर काय मिळेल? चालू औषधे, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आधीच्या भुलेचा त्रास, औषधाची अॅलर्जी, हेही तेव्हाच सांगावे. टेबलावर झोपवल्यावर हे बोलणे होत नाही.

आणि जिल्ह्यातल्या सर्व ओटींना, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयापासून चंदगड-गगनबावड्याच्या दवाखान्यांपर्यंत, आमची विनंती एका ओळीची आहे. केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहावे : ब्लॉक कुठला, औषध कोणते, किती मिलिग्रॅम, किती वाजता, अंदाजे किती वाजता उतरेल, आणि त्याच्या आधी कोणती मात्रा किती वाजता द्यायची. खाली भूलतज्ज्ञांचा मोबाइल नंबर.

आपले,
कोल्हापुरातील काही भूलतज्ज्ञ